कुंडी विकत घेताना

अप्पा,

तुम्ही गेलात तेव्हा मी गुलबर्ग्याला चित्रकला शिकत होते आणि त्या शिक्षणाचं पुढं काय होणार हे तुम्हाला शेवटपर्यंत उमगलं नव्हतं, म्हणून आधी तेच सांगते. मी आता पोलंड देशात, वॉर्सा शहरात एका गॅलरीत काम करते. गॅलरी म्हणजे दुकानच, फक्त भल्यामोठ्या पांढऱ्या खोलीत चारच वस्तू मांडायच्या आणि गिऱ्हाईक आलं की बराच वेळ गप्प बसायचं. इथल्या आजच्या कारागिरांनी केलेल्या काचेच्या, लाकडाच्या, मातीच्या वस्तू आम्ही विकतो. घेणारे त्या वापरत नाहीत, जपून ठेवतात. पाणी भरायचं नाही तर मडकं घ्यायचं कशाला, असं तुम्ही नक्की विचारलं असतं, आणि आई म्हणाली असती, "घिऊ द्या की, तुमचं काय जायलंय." पण माझं खरं काम विकण्याचं नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना कारागिराच्या पाठीशी उभं राहण्याची गोडी लावायची, हे माझं काम. इथल्या लोकांना वाटतं मी हे पुण्याच्या कुठल्यातरी संस्थेत शिकले. मी ते आपल्या खळ्यावर शिकले.

मुडबीचं ते खळं अजून डोळ्यांसमोर येतं. ज्वारीची रास झाली आहे, आणि घरात एक दाणा जायच्या आधी तुम्ही कुंभारकाकांचं पोतं बाजूला काढून ठेवता. घरोघरी स्टीलच्या कळश्या आणि प्लास्टिकच्या घागरी आल्या आहेत, आपल्याही घरात आहेत. वर्षभरात काकांनी आपल्याला दिलं काय, तर पोळ्याचे मातीचे बैल आणि उन्हाळ्यात एक माठ. आई धुसफुसते. "आता कामून द्यायचं त्येला? काय करायलाय त्यो आपलं?" तुम्ही पोत्याचं तोंड शिवत म्हणता, "आपल्याला लागंना तर लागंना. त्येचं चाक चालू ऱ्हावं." मला तुम्ही त्या वेळी फार मोठे वाटायचात. वर्गातल्या मुलींना मी ते सांगत फिरायचे.

मग काका वारले. त्यांचा थोरला हैदराबादेत बांधकामावर होता, तो परत आला आणि पुढच्या सुगीला तुम्ही पाठवलेलं पोतं सायकलवर घालून खळ्यावर घेऊन आला. हळूच खाली ठेवलं. "अण्णा, राग मानू नका. काय लागलं तर सांगा, करून देतो, पैसे घेतो. पण ह्ये नगं." तुम्ही म्हणालात, "कामून? तुजा बाप घेत हुता की." "व्हय, घेत हुता. हितं उभारून घेत हुता, तुमी बसा म्हणंस्तवर. मी बघितलंय." एवढं बोलून तो सायकल हातात धरून निघून गेला. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. "मी काय त्येला उलटून मागितलं हुतं का कवा?" एवढंच आईला दोनतीनदा म्हणालात. मला त्या थोरल्याचा इतका राग आला होता की पुढं कित्येक वर्षं तो रस्त्यात दिसला तरी मी बोलत नसे.

इथं पूर्वेकडच्या एका खेड्यात एक कुंभारीण आहे, माझ्याच वयाची. ती भट्टीचं तोंड लिंपून धूर आत कोंडते, त्यामुळं तिची मडकी काळीशार निघतात. तिचं एखादं मडकं खोलीत असलं की मला दुसरीकडं बघवत नाही. पण त्या खेड्यातली तरणी माणसं इंग्लंडला चालली आहेत, आपली हैदराबाद-पुण्याला जातात तशी, आणि तिनंही चाक विकून तिकडं एका कारखान्यात माल बांधायला जायचं ठरवलं. मी धावपळ करून गॅलरीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला गाठलं. फरशांचा कारखाना चालवून आता निवांत झालेला म्हातारा, मनानं उदार. त्याला तुमच्या पोत्याची गोष्ट सांगितली, परत आलं ते मात्र सांगितलं नाही. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "तिला वर्षाचे ठरलेले पैसे देईन, मला एकही मडकं नको." मी हरखून तिच्याकडे गेले. ती चाकावरचा चिखल पुसत ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी चांगलं केलं काय आणि वाईट केलं काय, त्याला सारखंच? त्याला काय हवं ते त्यानं इथं येऊन सांगावं. मला गिऱ्हाईक पाहिजे, पोशिंदा नको."

हे म्हाताऱ्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "पण मी तर बदल्यात काहीच मागितलं नव्हतं," तो म्हणाला. अप्पा, बोलला तो त्याच्या भाषेत, पण मला ऐकू आलात तुम्ही. आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मला तुमची नाही, त्या थोरल्याची बाजू कळली. फार वाईट वाटलं, कारण तुमच्या मनात खोट नव्हती हे मला ठाऊक आहे. मग मी म्हाताऱ्याला उरलेली गोष्ट सांगून टाकली. त्यानं विचारलं, "मग वडिलांनी काय केलं?" मी म्हणाले, पुढच्या वर्षी ते मला गुलबर्ग्याच्या गाडीत बसवायला बसवकल्याणला आले होते. स्टँडजवळ त्या मुलानं कुंड्यांचं दुकान टाकलं होतं. तिथं जाऊन त्यांनी एक कुंडी विकत घेतली. घरी लावायला रोप नव्हतं, शेवटी आईनं तिच्यात मिरची लावली. त्यानंतर तो मुलगा दर पोळ्याला बैल घेऊन यायचा, आईशी बैलांच्या किमतीवरून हुज्जत घालायचा आणि आपणहून बसून चहा प्यायचा. म्हातारा खूप हसला आणि जाताना कुंभारणीच्या गावाचा रस्ता विचारून गेला.

काल दुपारी त्याचा फोन आला, तिच्याच घरातून. ती चहा करायला आत गेली होती. इंग्लंडला जायला तिनं बांधून ठेवलेली पेटी अजून दाराशीच आहे म्हणाला. आवाज अगदी बारीक केला होता. "आयुष्यभर दुकानांतून वस्तू घेतल्या, पण करणाऱ्याच्या समोर उभं राहून मागायचं कसं ते मला येत नाही. तोंडातून शब्द फुटत नाही. लवकर सांग, तुझे वडील नेमकं काय म्हणाले होते?"

मी म्हणाले, मला माहीत नाही. तुम्ही त्या दुकानासमोर पटका काढून हातात घेतलात, हे मी बघितलं होतं. मला तुमची लाज वाटली, अप्पा. तुमचं बोलणं कानावर पडू नये म्हणून मी गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिले होते.