बाबांच्या खुर्चीची वीण

२ फेब्रुवारी

खुर्ची जागेवर नाही! भाषणांच्या दौऱ्यावरून आले, बॅग टाकली, नेहमीसारखी तिच्यात कोसळणार तर खिडकीपाशी नुसती भिंत. नवरा म्हणाला, "पॉलिशला दिलीय." कोणाला विचारून? "लाकूड कळकट झालं होतं. वीस तारखेला स्टेजवर न्यायचीय ना तुला?" न्यायची आहेच. पण बाबांची खुर्ची परक्याच्या हाती! मी बरंच बोलले. तो वर्तमानपत्रामागे गेला. आयुष्यभर कंपाउंडरकी केलेला माणूस. बाटलीतला गाळ खाली बसायची वाट बघावी, तशी माझी वाट बघतो.

४ फेब्रुवारी

वीस तारखेच्या व्याख्यानाचा विषय ग्रंथालयाने कळवला: विणलेल्या फर्निचरचा इतिहास आणि घरातली त्याची मोहिनी. इतका थंड विषय! मला बोलावलं म्हणजे तो थंड राहावा अशी त्यांचीही इच्छा नसणार.

दिवसभर टिपणं काढली. पिरॅमिडवाल्यांच्या थडग्यांत लव्हाळ्याच्या विणलेल्या बैठका. रोमन दगडांत कोरलेली बाई, विणलेल्या खुर्चीत निवांत टेकलेली. मग वेत. झाडांच्या आधाराने वर वर चढत जाणारी काटेरी वेल, बांबूसारखी पोकळ नाही, आतून भरीव. जहाजांत बसून थंड देशांत गेली आणि जड दिवाणखान्यांत शिरली. तिथे एकेक खुर्ची हलवायला दोन दोन गडी लागायचे. श्रीमंतीला वजन लागतं! वेताची खुर्ची मात्र म्हातारी बाई एका हाताने उचलते आणि उन्हात नेऊन ठेवते. सिंहासन कधी कोणी वेताचं केलं का? — हे वाक्य ठेवायचं.

मोहिनी कशात? ती श्वास घेते. पाठीला वारा लागतो. दुपारी जाळीतून ऊन गळतं आणि फरशीवर ठिपक्यांची दुसरी जाळी पडते. लहानपणी आम्ही दोघं त्या भोकांत बोटं घालायचो आणि बाबा ओरडायचे, "वीण फाकते रे!" दादाचं बोट एकदा अडकलं होतं. मी इतकी हसले की—

पुरे.

७ फेब्रुवारी

वहिनीचा फोन. अकरा वर्षांनी. "ताई, ह्यांचं काही खरं नाही. छातीत पाणी झालंय. बोलत नाहीत काही, पण तुम्ही एकदा यावं असं मला वाटतं."

तिला वाटतं. त्याला वाटतं असं नाही म्हणाली ती.

अकरा वर्षांपूर्वीचा कारागिरांचा मेळावा. दादा तिसऱ्या रांगेत. त्याने त्या वर्षी कारखान्याचं काम घेतलं होतं — प्लास्टिकच्या पट्ट्या! बाबांचा मुलगा! सगळ्या गावातल्या विणकरांना मी प्लास्टिकला शिवू नका म्हणून सांगत फिरते आहे आणि माझ्याच घरात हे. मी स्टेजवरून म्हणाले, "जो हात वेत सोडून प्लास्टिक विणतो, तो हात आमच्या बापाचा नाही!" सगळ्यांनी माना वळवून त्याच्याकडे बघितलं. टाळ्या कडाडल्या. तो उठला, शेजाऱ्याच्या पायाला धक्का लागला तर "माफ करा हं" म्हणाला, आणि गेला.

ते वाक्य मी आजही म्हणते. मत बदललेलं नाही. भाऊ होता म्हणून गाळायचं का?

जायला हवं. वीस तारीख उरकली की लगेच जाईन.

९ फेब्रुवारी

आतल्या खोलीत दार लावून पूर्ण तालीम. उभ्याने, खणखणीत, दोन तास. नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, घराला आग लागली तरच हाक मार.

बाहेर आले तर गॅलरीत खुर्ची! लाकूड चकाकतंय. बैठक तशीच, मधाच्या रंगाची. मी दांड्यावरून हात फिरवला आणि लहान मुलीसारखी बसले. गॅलरीत मात्र सगळीकडे पाणी, बादली मध्येच. "झाडांना घातलं." एवढं? आणि ओट्यावर चहाचे दोन कप. "एकदा प्यालो, मग पुन्हा प्यालो." कप विसळायचा कंटाळा! या माणसाबरोबर मी छत्तीस वर्षं काढली.

१० फेब्रुवारी

जेवताना नवरा एकदम म्हणाला, "त्या हाताच्या वाक्यानंतर जरा थांबत जा. टाळ्या तिथेच पडतात." चमचा हातात तसाच राहिला माझा. भाषणातलं याला कधीपासून कळायला लागलं? पण बरोबर आहे! मी घाईत पुढे जाते आणि टाळ्या पुढच्या वाक्यावर सांडतात. थांबून बघितलं. वाक्य दुप्पट मोठं झालं.

त्याला शाबासकी दिली. तो ताटात बघत राहिला.

१३ फेब्रुवारी

वहिनीला फोन करायला घेतला. तीन आकडे फिरवले. ठेवला. काय बोलणार? चार हजार माणसांपुढे माझी जीभ अडत नाही. बाबा मला तोफ म्हणायचे. "हिच्या हातात वेत देऊ नका, मोडेल. हिला बोलू द्या." दादाच्या हातात दिला. डावरा होता, तरी त्याला उजव्या हाताने शिकवायचा प्रयत्न झाला. मार खाल्ला, पण ऐकलं नाही त्याने. गाठ डाव्यानेच मारायचा.

वीस झाली की. सात दिवस.

१५ फेब्रुवारी

दादा गेला.

१६ फेब्रुवारी

पोचवून आले. माणसं कमी होती. मला बघून दोघांनी वाट करून दिली, सभेत देतात तशी. लाज वाटली.

वहिनी रडली नाही. चटईवर बसून होती. बाजूला प्लास्टिकच्या पट्ट्यांची भेंडोळी, निळी, पांढरी. कोपऱ्यात मात्र वेताच्या सालीची एक जुडी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. मी बघितलं तशी ती म्हणाली, "गेल्या आठवड्यापर्यंत काहीतरी चाललं होतं त्यांचं. हात थरथरायचे, पट्टी निसटायची. म्हटलं राहू द्या. म्हणाले, हे एक पुरं करू दे."

काय पुरं करायचं होतं ते मी विचारलं नाही. "सात दिवस" एवढेच शब्द तोंडात.

१७ फेब्रुवारी

व्याख्यान रद्द करते म्हणाले. नवरा म्हणाला, "करू नकोस. त्याला आवडणार नाही." तुला काय माहीत त्याला काय आवडतं!

टिपणातून ते वाक्य खोडलं. दोनदा रेघ मारली.

२० फेब्रुवारी

म्हणाले. खोडलेलं वाक्य म्हणाले!

जिभेला वळण पडलेलं. दगड, जहाजं, दिवाणखाने, सिंहासन, सगळं नीट चाललं होतं आणि त्या वळणावर ते आपोआप आलं. "...तो हात आमच्या बापाचा नाही!" आणि मी थांबले. सराव केल्याप्रमाणे. सभागृह कोसळलं. टाळ्या संपेचनात. मला वाटलं माझ्यावर दगड पडताहेत. कसाबसा शेवट गाठला. खुर्ची एका हाताने डोक्यावर धरली, नेहमीसारखी: "पन्नास वर्षांपूर्वी माझ्या बापाने विणली, एक पट्टी सुटली नाही!"

संपल्यावर एक म्हातारी वर आली. साठ वर्षं खुर्च्या विणते म्हणाली, बोटांच्या टोकांना घट्टे. खुर्ची मागितली, उलटी केली, खालून नखाने खरवडली.

"बाई, बोलता झकास. पण ही वीण पन्नास वर्षांची नव्हे."

मी भडकले. "माझ्या बापाचं काम मला ओळखू येत नाही का?"

"नाही येत," ती सरळ म्हणाली. "वरून चहाचं पाणी चोळलंय, जुनी दिसावी म्हणून. खाली बघा, गाठी पांढऱ्याफेक. पंधरा-वीस दिवसांच्या. अन् पीळ उलटा पडलाय. तुमचे वडील डावरे होते का?"

नव्हते.

२१ फेब्रुवारी

काल घरी येऊन खुर्ची उलटी ठेवली नवऱ्यापुढे. काही विचारावं लागलं नाही. तो खाली बसला आणि सांगत गेला.

मेळाव्यानंतर दुसऱ्या वर्षी मी दौऱ्यावर असताना बैठक फाटली. सभांना नेऊन, उचलून, आपटून. माझ्या जिवाला लागेल म्हणून तो घाबरला. बाबांसारखी वीण घालणारा एकच माणूस त्याला माहीत होता. दादाने घरी नेली, पाच दिवसांत विणून दिली. जुनी वीण बाबांचीच होती, ती त्याने जपून काढून घेतली. मग पुन्हा फाटली. मग पुन्हा. तीन वेळा! आणि ही चौथी.

"त्याने एकच अट घातली. तिला कळू द्यायचं नाही. म्हणाला, तिचं भाषण खोटं पडेल."

दहा वर्षं मी त्याच्या विणीवर बसून त्याला नाकारत होते. त्याच्याच कामाचा पुरावा डोक्यावर धरून! एवढी पुस्तकं वाचली वेतावर. गाठीचा पीळ नाही बघितला एकदाही.

"तू विचारलं नाहीस कधी त्याच्याबद्दल," नवरा म्हणाला. "एकदा जरी विचारलं असतंस तरी मी बोलणार होतो."

२२ फेब्रुवारी

खुर्चीत बसवत नाही. जमिनीवर बसून लिहिते आहे. कोपऱ्याजवळच्या चार पट्ट्या वाकड्या गेल्यात. थरथर.

२४ फेब्रुवारी

नऊ तारखेचे दोन कप कोणाचे, आज विचारलं.

खुर्ची घेऊन दादा इथेच आला होता. कडेची शेवटची पट्टी राहिली होती, साल भिजवायला बादली मागितली. मी आत, दार लावून. "हाक मारू तिला?" नवऱ्याने विचारलं. "नको. तोफ रंगात आलीय." दोन तास गॅलरीत बसून ऐकलं त्याने. ते वाक्य आलं तेव्हा हात थांबला नाही म्हणे. पट्टी ओढली, गाठ मारली, आणि म्हणाला, "इथे जरा थांबत जा म्हणावं तिला. टाळ्या इथेच पडतात."