चष्म्याच्या दुकानातला उपास

तीर्थरूप वहिनींना टिल्लूचा वाकून नमस्कार.

(तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहायचं, बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, असं शाळेत शिकवलं होतं ते मला आठवतंय. तरी मी तीर्थरूपच लिहिणार. मला आंघोळ कोण घालायचं हे मास्तरांना कुठे ठाऊक होतं.)

इकडे आम्ही खुशाल आहोत. तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? दादा सकाळी फिरायला जातो, की नुसते बूट घालून पेपर वाचत बसतो? तुमची धाकटी जाऊ बरी आहे. माझ्यावर रागावली आहे, पण ती काही तब्येतीची तक्रार नव्हे.

रागाचं कारण सांगतो. यंदा सणाचे सगळे उपास धरायचे असं मी ठरवलं. तुम्ही हसला असाल. हसा, हीसुद्धा हसली. ज्याला दोन जेवणांच्या मध्ये तिसरं जेवण लागतं त्याने उपासाच्या गोष्टी कराव्यात म्हणजे काय. मी म्हटलं, वय झालं, देवाची ओढ लागली. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग तिने बटाटे उकडायला ठेवले.

पहिल्या दिवशी माझा असा समज होता की उपास म्हणजे काही पदार्थ सोडायचे आणि उरलेल्यांवर सूड घ्यायचा. तुपात परतलेले बटाटे झाले. शेंगदाण्याचे लाडू झाले. त्यावर केळी, खजूर, साखर घालून आटवलेलं दूध. ‘उपासाला चालतं’ एवढ्या दोन शब्दांत किती अन्न मावतं याची मला कल्पनाच नव्हती. (एकादशी दुप्पट खाशी ही म्हण ज्याने केली त्याला मी पाहिलेलं नाही, पण त्याने मला पाहिलेलं असावं.) तशा अवस्थेत दुकानात गेलो. तुम्हाला माहीतच आहे, आमची डोळे तपासायची खोली मागच्या बाजूला आहे आणि तिथे अंधार करावा लागतो. एक गृहस्थ तपासायला बसले. मी दिवा मालवला, पाटीवरची अक्षरं उजळली, आणि त्यांना म्हटलं, वरून वाचायला लागा. पुढचं मला आठवत नाही. हिच्या सांगण्यावरून कळलं की त्यांनी सगळ्या ओळी वाचल्या, कुणी काही बोलेना म्हणून पुन्हा वाचल्या, मग उठून बाहेर आले आणि गल्ल्यावर बसलेल्या हिला हळूच म्हणाले, “डॉक्टर झोपलेत. मला मात्र सगळं दिसतंय.” (मी डॉक्टर नाही हे मी सगळ्यांना सांगतो. या माणसाला सांगायला मी जागा नव्हतो.)

घरी येऊन ही एवढंच म्हणाली, “हा उपास होता की पोटाची जत्रा?”

मला ते लागलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी दुसरं टोक गाठलं. पाणी आणि बिनदुधाचा चहा, बाकी काही नाही. ही म्हणाली, निदान एक केळं खा. मी म्हटलं, तुला माझी जिद्द माहीत नाही. खरं तर मलाही ती माहीत नव्हती, त्याच दिवशी ओळख झाली. सकाळ बरी गेली. दुपार कलली तशी समोरच्या बेकरीत पाव भाजायला लागले आणि तो वास रस्ता ओलांडून दुकानात आला, काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला.

वहिनी, तेव्हा मला तुमची आठवण झाली. उपासाच्या दिवशीसुद्धा तुम्ही आम्हा सगळ्यांचा स्वयंपाक करायचात. मी ओट्याला टेकून विचारायचो, “वहिनी, तुम्हाला भूक नाही लागत?” तुम्ही भाजी ढवळत म्हणायचात, “मला वासानेच पोट भरतं.” मी ते इतकी वर्षं खरं मानून चाललो होतो. मला वाटायचं, बायकांच्या पोटाची काही वेगळी रचना असेल. त्या दिवशी मी ते स्वतः करून पाहिलं. वासाने पोट भरत नाही, वहिनी. ते किती रिकामं आहे तेवढं कळतं.

असो. तेवढ्यात एक बाई चष्म्याचा निखळलेला स्क्रू बसवून घ्यायला आल्या. हा स्क्रू तिळाएवढा असतो आणि आयुष्यभर मी तो डोळे मिटून बसवत आलोय. त्या दिवशी उघड्या डोळ्यांनीही बसेना. स्क्रू खाली पडला, मी तो शोधायला वाकलो, आणि मग वर यायचं राहूनच गेलं.

शुद्धीवर आलो तेव्हा डोकं हिच्या मांडीवर होतं आणि त्या बाई शेजारी फरशीवर बसून माझी नाडी चाचपत होत्या. चाचपत होत्या म्हणजे खरोखरच, कारण त्यांचा चष्मा माझ्या मुठीत होता आणि मी तो सोडत नव्हतो. (धंद्याची निष्ठा म्हणतात ती ही.) बाई निघाल्या मोठ्या हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ. आमची चौकशी करून झाल्यावर त्यांनी हिच्या हातून मला केळं भरवलं आणि म्हणाल्या, “उपास म्हणजे पोटाला सुट्टी. शिक्षा नाही आणि लग्नाची पंगतही नाही.” मग नीट समजावून सांगितलं. थोडं थोडं खायचं, पण वेळेवर. फळं, दही, उकडलेले शेंगदाणे, लाल भोपळ्याचं सूप, ताक. तळलेलं आणि गोड जपून. तहान लागायच्या आधी पाणी. आणि जो नुकता आजारातून उठलाय किंवा औषधं घेतोय त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरायचाच नाही. मी विचारलं, मग देवाचं काय? बाई म्हणाल्या, “देवाची तक्रार घेऊन माझ्याकडे अजून कुणी आलेलं नाही. घरच्यांची घेऊन रोज येतात.”

तेव्हापासून आमचा उपास रुळावर आहे. संध्याकाळी मी भोपळ्याची सालं काढतो, ही फोडी करते, देवापुढे दिवा लावून दोघं वाटी घेऊन बसतो. डोकं हलकं असतं, पोट भांडत नाही, झोप झोपेच्या वेळी येते. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं इतका वेळ स्वयंपाकघरात एकत्र कधी बसलो नव्हतो. तरी राग आहेच. मला न विचारता पडलातच कसे, असं तिचं म्हणणं.

दादाला नमस्कार. उत्तर लवकर लिहा.

तुमचा
टिल्लू (चष्मा लागला, केस गेले, तरी टिल्लूच)

ता. क. वर देवाची ओढ वगैरे लिहिलंय ते तितकंसं खरं नाही. तुम्ही तापातून उठल्यावर दुधाचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरात पडलात, डॉक्टरांनी उपास बंद सांगितले, आणि तरीही तुम्ही नुसत्या चहावर ते धरून बसला आहात, हे मला सगळं कळलंय. उरलेले उपास माझ्याकडे द्या. माझी परीक्षा असली की तुम्ही माझ्यासाठी उपास धरायचात, आठवतं? परीक्षा माझी, उपास तुमचा, आणि पास मी. तेव्हा देवाने ते चालवून घेतलं. आता तब्येत तुमची आणि उपास माझा, एवढंच करायचंय. तुम्ही दोन वेळा नीट जेवा, वहिनी. मी इथे सांभाळतो.

ता. क. २. दादावर रागावू नका. त्याने तुमची शपथ मोडलेली नाही. मी फोनवर एवढंच विचारलं की तिकडे पाऊस आहे का. तो म्हणाला, “ती पडली नाही, आणि मी तुला काही सांगणार नाही.”

ता. क. ३ (अक्षर वेगळं आहे, कारण मी तुमची जाऊ). जाऊबाई, पाकीट बंद करायला माझ्याकडे आलं म्हणून लिहिते. ह्यांनी पडण्याची जेवढी गंमत केली आहे तेवढी ती नव्हती, मी गल्ला उघडा टाकून धावले होते. आणि डोळे उघडल्यावर पहिलं काय बोलले ते गाळलंय. म्हणाले, “वहिनींना कळवू नकोस.” तुम्हीच वाढवलेलं पोर, दुसरं काय बोलणार. मी रविवारी येतेय. तुम्हाला पोटभर जेवताना पाहिल्याशिवाय तिथून हलणार नाही, आणि मी परत येईपर्यंत इथे ह्यांच्या हातचं ह्यांनाच खावं लागेल. तेव्हा दिराची दया येत असेल तर लवकर जेवा.