पायावरचं डालगं

कोची, २००५

सौ. सुगंधास,
आशीर्वादाआधी तुझ्या पायाची चौकशी.

मी सापाच्या विषाचं औषध आणायला गेलोय असं मुरबाडात पसरलंय, ते खोडून काढ. समुद्रातल्या शंखाच्या गोगलगायीच्या विषावरून तुझ्यासारख्या नसांच्या दुखण्याचं औषध निघालंय, ते मणक्यात टोचतात. त्यावरचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन मीच वाचलं. इथे तसल्याच गोगलगायींच्या टाक्या मी सांभाळतो. औषध आपल्याकडे कधी येईल, ते मात्र इथल्या साहेबांनाही सांगता येत नाय.

जेवण बरं आहे. मराठी बोलायला कोणी नाय, म्हणून टाक्यांशी बोलतो.

तुला गोधडीचा भार सोसत नाय. आपली नेहा पायावर कोंबड्यांचं डालगं उपडं ठेवून मग वरून गोधडी घालते ना? काठ नडगीला लागू देऊ नको म्हणावं.

औषध घेऊनच येईन म्हणून निघालो होतो. नुसतं डालगं ठेवायला आलो तर चालेल का, तेवढं कळव.

तुझा,
कुंडलिक