गोगलगायींना प्रवेश बंद

२ जून, सकाळी
ही बहिणीकडे गेली. बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन. तोवर हिचा डेलियाचा वाफा माझ्या ताब्यात. बी टाकून, पोरांसारखी वाढवलेली रोपं. शेजारच्या डेंटिस्टवर सोपवणार होती. मला लागलंच ते. म्हटलं, आख्खा जन्म कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी सांभाळली, मला एक वाफा जड आहे? संध्याकाळी गोगलगायी हाताने वेचा, बाकी काही डोकं लावू नका, असं बजावून गेली. वेचणं हे माळ्याचं काम. मी बंदोबस्त करणार.

३ जून
दोन रोपं कुरतडलेली. मातीवर चकचकीत चिकट रेघा. वाफ्याभोवती राखेचं कडं घातलं. आता पाऊल टाकून दाखवा म्हणावं.

४ जून
रोपांना पाणी घातलं. राख वाहून गेली. पाणी घालणं भागच होतं.

७ जून
अंड्यांची टरफलं चुरून पसरली. त्यासाठी दोन्ही वेळा आम्लेट. डेंटिस्टने कुंपणावरून कोलेस्टेरॉलची चौकशी केली. दुर्लक्ष.

८ जून
एक बिनशंखाची टरफलांवरून आरामात गेली. माझ्या नाकावर टिच्चून.

१० जून
तांब्याची पट्टी! गोगलगायी तांबं ओलांडत नाहीत म्हणे. चारही बाजूंनी, कुठे फट नाही. पाहणी करताना गुडघे मातीत रुततात म्हणून आत एक रुंद, ओली फळी टाकली. आता मुंगीला आत यायचं तर माझी परवानगी लागेल.

१३ जून
आणखी पाच रोपांचे नुसते दांडे उरले. पट्टीवर मात्र एकही रेघ नाही. म्हणजे गोगलगायी निर्दोष. संशय चिमण्यांवर. वरून जाळी लावली.

१५ जून
डेंटिस्ट म्हणाला, काका, फळी उचलून बघा एकदा. मला हसू आलं. चोर बाहेरून येतो एवढं ज्याला कळत नाही, त्याने दातांपुरतंच बोलावं.

१७ जून
हिचा फोन. रोपं कशी आहेत? म्हटलं, जाळीत छान दिसतात. खोटं बोललो नाही. जाळी छानच आहे. तरी फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही.

२० जून, दुपारी
ही आली. बॅगही खाली ठेवली नाही, आधी फळी उचलली. खाली शंखवाल्या, बिनशंखाच्या, लेकुरवाळ्या, सगळ्या सुखात. पट्टी लावली तेव्हाच त्या आत होत्या म्हणे. मी बोलणी खायला तयार उभा होतो. ती मात्र दांड्यांवरून नुसती बोटं फिरवत बसली. फार वाईट वाटलं. चहा करतो म्हटलं, तर नको म्हणाली.

२१ जून, संध्याकाळी
उरलेली तीन रोपं हिने वाफ्यातून काढून मागच्या पायरीजवळ लावली. पट्टी नाही, जाळी नाही. रिकामा वाफा माझ्यासाठी ठेवलाय, त्यातल्या मंडळींसकट. मी वाकून पाहणी केली. पट्टी ओलांडून एकही गोगलगाय बाहेर आलेली नाही. पायरीजवळची रोपं सुरक्षित आहेत ती केवळ माझ्या बंदोबस्तामुळे. हे तिला जाऊन सांगितलं. ती पायरीजवळच्या रोपांवरून गोगलगायी वेचत होती. मान वर न करता डेंटिस्टला म्हणाली, टॉर्च जरा इकडे धरा.