उलट्या हाताची गाडी

मामा,

वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो होतो. सरळ व्हायला शेजाऱ्यांना हाक मारावी लागली. कंबर कशाने धरली ते खाली येईलच.) तुमची दाढ काढून झाली का? झाली असेल तर उत्तम. नसेल तर या खेपेला डॉक्टरांच्या खुर्चीतून उठून पळू नका, मामीला बाहेर फार ओशाळं वाटतं. मामीच्या गुडघ्याला आराम असेलच. इकडे आम्ही मजेत आहोत. आम्ही म्हणजे मी आणि स्वयंपाकघरातली पाल.

कारण तुमची भाचेसून आठवडाभर डोंगरावर असते. तिची शाळा वर, बस थांबते पायथ्याला, आणि पुढे दीड तास चढण. म्हणून ती तिथेच एका मास्तरणीच्या खोलीत पथारी टाकते आणि शनिवारी उतरते. रविवारचा निम्मा दिवस पाय गरम पाण्यात बुडवून बसण्यात जातो, आणि उरलेल्या निम्म्यात आम्ही मीठ संपलंय, साबण संपलाय एवढंच बोलतो. आता शाळेने तिला वरच राहायला घर देऊ केलंय, तीन वर्षांसाठी. ती म्हणाली, ‘महिनाअखेरपर्यंत गाडीची सोय झाली तर मी रोज घरी येईन, नाहीतर वरचं घर घेते.’ मामा, तुमच्यापाशी कसला मोठेपणा? घर खायला उठतं. मी एका ताटात जेवतो आणि दोन ताटं घासतो.

तेव्हा ठरवलं, डोंगर चढणारी गाडी घ्यायची. इथे मिळेना, म्हणून परदेशातून मागवली. एकोणीस वर्षांची, डिझेलवर चालणारी, चारही चाकांना जोर, आणि चालवणाऱ्याची जागा आपल्याकडच्या बरोब्बर उलट्या बाजूला. बंदरावरचा दलाल (त्याला सगळे ‘होऊन जाईल’ म्हणतात, कारण त्याच्या तोंडून दुसरं काही निघत नाही) म्हणाला, उलट्या हाताची परवानगी होऊन जाईल. झाली, दोन महिन्यांनी. मग कागदावर गाडी हिरवी आणि समोर उभी ती तपकिरी! म्हणजे दुसऱ्याचीच गाडी आली की काय, म्हणून मी नखाने टोकरून बघितलं. तर तो चिखल निघाला. परदेशी चिखल देशात घ्यायचा नाही असा नियम आहे, म्हणून तो मी दोन दिवस बादली आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन खरवडला. खालून हिरवी गाडी निघाली आणि मागच्या बाकाखालून एक वाल निघाला, चांगला चार पानं फुटलेला. त्यासाठी पीक-रोग खात्याचे दोन अधिकारी हातमोजे घालून आले. त्या वालाची त्यांनी जी चौकशी केली, तेवढी माझी लग्नाच्या वेळीसुद्धा झाली नव्हती. शेवटी त्याला बरणीत घालून, मला पावती देऊन घेऊन गेले.

तिथून गाडी मी ट्रकवर चढवून नोंदणी कार्यालयात नेली. (लोकांनी विचारलं, चालती गाडी ट्रकवर का? मी म्हटलं, परक्या हवेची आहे, चार दिवस सरावू द्यावी. ट्रकवाले नंतर दारासमोर आणून देणार होते, तेही मीच नको म्हटलं.) आता फक्त तपासणी उरली होती.

तपासणीचे साहेब म्हणजे भला माणूस, पण पंचवीस वर्षं एकाच पद्धतीने काम केलेला. ते खाली मान घालून कागद वाचत येतात, चालवणाऱ्याच्या शेजारचं दार उघडतात, बसतात, फाईल मांडीवर ठेवतात आणि ‘चला’ म्हणतात. तसंच त्यांनी केलं. फाईल मांडीवर मावेना तेव्हा मान वर केली, तर पुढ्यात स्टिअरिंग! मला वाटलं, परदेशी गाडी, साहेबांना स्वतः चालवून बघायची हौस आली. म्हणून मी वळसा घालून अदबीने पलीकडे बसलो. साहेब म्हणाले, ‘चला.’ मी म्हटलं, ‘चला.’ मग आम्ही दोघं पाच मिनिटं समोरच्या काचेतून बाहेर बघत बसलो. साहेब खोकले. मीही खोकलो. शेवटी हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून साहेबांनी मधला दांडा खाली केला, आणि तो निघाला हातब्रेक. त्या आवाराला उतार आहे, मामा.

गाडी आवाज न करता निघाली. साहेब म्हणाले, ‘जरा सावकाश घ्या.’ मी म्हटलं, ‘साहेब, तुमच्याच हातात आहे!’ धूर तपासायच्या टपरीवरून गेलो, रांगेतल्या लोकांवरून (म्हणजे शेजारून) गेलो, आणि जुन्या टायरांच्या ढिगात जाऊन रुतलो. गाडीला ओरखडा नाही. माझ्या कमरेत मात्र काहीतरी कटकन वाजलं. साहेबांनी हातब्रेक परत वर ओढला. मग हळूच म्हणाले, ‘मला गाडी येत नाही हो. पंचवीस वर्षं पास करतोय, कुणी विचारलंच नाही.’ मला भरून आलं. कुणालाही सांगणार नाही अशी मी शपथ घेतली. (मामीला वाचून दाखवायला हरकत नाही.) त्यांनी तिथेच टायरवर बसून शेरा लिहिला: आवाज नाही, धूर नाही, इतकी स्वच्छ डिझेल गाडी पाहण्यात नाही. इंजिन सुरूच केलं नव्हतं हा विषय दोघांपैकी कुणीही काढला नाही. पण रस्त्यावरची एक फेरी नियमाने झालीच पाहिजे, आणि तीही शुक्रवारपर्यंत. नाहीतर उलट्या हाताची परवानगी रद्द होऊन गाडी परत बोटीवर. महिनाही त्याच दिवशी संपतो.

बाकी क्षेम.

तुमचा भाचा

ता. क. मामा, शुक्रवारी या. फेरी तुम्ही मारा. मलाही गाडी येत नाही. स्थळ बघायच्या दिवशी तुम्हीच तिच्या वडिलांना छातीठोकपणे म्हणालात, ‘आमचा भाचा झोपेतसुद्धा गाडी चालवतो.’ मी चहाच्या कपात बघत गप्प राहिलो, तो आजतागायत गप्प आहे. गाडी आली की शिकून घेऊ, तिला कळायच्या आत, असा बेत होता. तिला काही सांगू नका, पाया पडतो. (कंबर बरी झाल्यावर.)

ता. क. २. पत्र टाकायचं राहून गेलं. आज शुक्रवार. ती आजची फेरी बघायला म्हणून अर्धी रजा टाकून उतरली आणि थेट नोंदणी कार्यालयात येऊन उभी राहिली. माझ्या तोंडाकडे बघितलं, साहेबांच्या तोंडाकडे बघितलं, किल्ली घेतली आणि गाडी टायरांतून उलटी काढून रस्त्याला लावली. मी आणि साहेब मागच्या बाकावर. फेरी झाली, साहेबांनी चालत्या गाडीत सही केली. ती दहाव्या वर्षापासून वडिलांचा ट्रॅक्टर हाकते. पण मुलगी फार धीट वाटेल म्हणून तिच्या मामांनी तुम्हाला सांगितलं होतं, की पोरगी सायकललासुद्धा घाबरते! वरच्या घराला तिने नकार कळवला. आज दोन ताटांत जेवलो, मामा.

ता. क. ३. तेव्हा तुम्ही येऊ नका. पण त्या दिवशी माझ्याबद्दल तिथे आणखी काय काय बोललात, ते सगळं उलट टपाली लिहून कळवा. रविवारी गाडी घेऊन धरणावर जायचं ठरलंय आणि ती मघापासून विचारतेय, ‘तुम्ही तर दोन वेळा पोहत पैलतीर गाठून आलाय ना?’