घंगाळातलं पागोटं

प्रिय आत्या,

पटकीच्या साथीनं तुला नेलं, त्याला आठ दिवस झाले. हे पत्र तुझ्या नावाचं आहे, पण रविवारी मी ते अमरावतीच्या आपल्या ख्रिस्ती मंडळीसमोर मोठ्यानं वाचणार आहे. बंधुभगिनींनो, प्रभूचं नाव घेतल्यापासून न्हावी आपल्या दाढीला हात लावत नाही, पाटलाच्या पारावर आपल्याला जागा नाही, आपल्या बाजूनं बोलणारं कुणी नाही. हे दुःख सगळ्यांचं. म्हणूनच काल आपण तो पागोट्याचा घाट घालून बसलो.

तुला आठवतं? तेल्हाऱ्याकडून कापसाच्या गाड्या यायच्या. गाडीवानांच्या टाचा कापसाच्या झाडांच्या, पराटीच्या खुंटांनी फाटलेल्या. तू दारात पितळी घंगाळ मांडून त्यांचे पाय धुवायचीस. कुणाला जात विचारली नाहीस. मला लाज वाटायची.

"आत्या, प्रभू राजा होता, तर त्यानं फौज का नाही उभी केली? रोमी लोकांना का नाही हाकललं?" मी चार पुस्तकं वाचून तावातावानं विचारायचो.

"फौजवाले लय पायले रे बापू," तू टाच घासत म्हणायचीस. "कमरेले पंचा बांधून चेल्याइचे पाय धुनारा राजा तुनं दुसरा पायला का? बोलून राहिला नुसता! पानी आन."

मी पाणी आणलं का गं? एकदाही नाही.

काल आपल्यातल्याच यादवराव दलालांनी मंडळी जमवली. अमेरिकेतल्या लढाईनं तिकडचा कापूस थांबला आणि इथल्या कापसाचं सोनं झालं, तेव्हापासून त्यांचा अंगरखा जरीचा आहे. घरातलं कर्तं माणूस गेलं की वारसाला पागोटं बांधायचं, ही रीत आपण धर्म बदलूनही सोडलेली नाही. तुझं घंगाळ चौरंगावर ठेवलेलं. त्याला झेंडूचा हार. आणि घंगाळात, माझ्यासाठी, रेशमी पागोटं! तेच बांधून मला मंडळीचा पुढारीही करायचं होतं.

"पुढारी असा पायजे," यादवराव म्हणाले, "का कोसभरावरून दिसला पायजे! पाटील बी उठून उभा रायला पायजे!"

सगळे खूश. मी नम्रतेवर तासभर बोललो. लोक रडले, आत्या! मग पागोटं बांधून घ्यायला मी मान खाली घातली.

तेवढ्यात दारात एक गाडीवान आला. पायाला चिंधी, चिंधीतून रक्त. "बुढीमाय हाय का? इथं पाय धुवून देते म्हने."

आणि मी म्हणालो, "याला बाहेर बसवा. आधी पागोटं होऊ द्या."

मी म्हणालो! यादवराव नव्हे, मी! हे वाक्य माझ्या पोटात कधीपासून दडून बसलं होतं? रोमी लोकांविरुद्ध प्रभूकडे तलवार मागणाऱ्या त्या जुन्या गर्दीला मी पुढे भाषणांतून किती झोडपलं. काल त्या गर्दीत सर्वांत पुढे मीच उभा होतो.

शरमेनं मी बाहेर धावलो. तो निघून गेला होता. अकोल्याच्या वाटेवर गाड्याच गाड्या. त्याची कोणती?

तुझ्यावरही राग आहे माझा. तू 'पानी आन' म्हणून आपली पाय धूत राहिलीस. एकदा तरी माझा कान धरायचास!

पागोटं मी परत केलं. "मंग पुढारी कोन?" यादवराव चिडून म्हणाले. आज हार काढला, घंगाळ राखेनं घासलं. वचन देतो आत्या, हंगाम संपेपर्यंत रोज सकाळी ते घेऊन मी गाड्यांच्या तळावर बसेन. आणि तिथं भाषण करणार नाही.

बंधुभगिनींनो, पत्र संपलं की प्रार्थनेला बसू नका. घरी जा, एकेक घागर भरा आणि माझ्याबरोबर तळावर चला. आत्ता.

तुझा भाचा,
दाऊद