वेशीचा अडसर आणि हौदाचं झाकण

प्रिय चिंगे,

परवा मंगळवारी मी तुझ्या घरी येऊन गेले, हे शेजारच्या काकूंनी तुला सांगितलंच असेल. ताई आली, बाबांच्या खोलीत तासभर दार लावून बसली आणि चहाही न घेता तरातरा निघून गेली, असंच सांगितलं असणार. खरं आहे ते. तू त्यानंतर तीनदा फोन केलास आणि मी उचलला नाही. उचलला असता तर तोंडातून शब्द फुटला नसता. लिहिणं हे एकच काम मला येतं, आणि आज तेही धड जमत नाहीये, हा चौथा कागद आहे. पत्र मुद्दाम तुझ्या लॅबच्या पत्त्यावर कुरिअरने पाठवतेय, उद्या पोचेल. तिथेच वाच, जेवणाच्या सुट्टीत, एकटी बसून. घरी नेऊ नकोस.

सगळं सुरू झालं त्या पडक्या नगरीपासून. माझं खूळ तुला नवं नाही. कादंबरीतल्या माणसाने जे केलं ते आपण स्वतः करून बघितल्याशिवाय मी ओळ लिहीत नाही. दगडी जात्यावर दळून तळहात सोलून घेतले, गवताच्या दोरीच्या वहाणा घालून चार कोस चालले आणि आठवडाभर लंगडले, गॅलरीत मातीच्या विटा भाजायला गेले तर सोसायटीने नोटीस धाडली. तेव्हा तू म्हणाली होतीस की ताई, तू मेलेल्यांकडे बरी वेळेवर पोचतेस, आम्हा जित्यांकडे यायचं तर तुला सवड नसते. मी हसून टाकलं होतं. पण अगं, दोन हजार वर्षांपूर्वीच्या पायरीवर पाय ठेवला आणि ती मधोमध झिजलेली लागली ना, की मला अजूनही भरून येतं. किती जणी घागर घेऊन इथून चढल्या असतील, असं वाटत राहतं.

ती एकच नगरी मी न बघता लिहिली होती. त्या काळी तिथे जायला परवानगी नव्हती, म्हणून नकाशे आणि जुने अहवाल पुढ्यात घेऊन घरी बसूनच लिहिली. तीच कादंबरी सगळ्यांत खपावी, काय म्हणायचं याला! वेढा पडलाय, आणि वेशीच्या राखणदाराची चौदा वर्षांची पोर पहाटे अडसर काढून शत्रूला आत घेते. वाचकांनी त्या पोरीला पोटभर शिव्या दिल्या आणि माझं कौतुक केलं. गेल्या महिन्यात मला तिथे बोलावणं आलं. आता खणून वेस मोकळी केली आहे. मी लहान मुलीसारखी नाचतच गेले, पिशवीत टेप, वही, वजन मोजायचा ताणकाटा, सगळी आयुधं घेऊन. आणि बघते तर काय, वेशीपाशी एक गाइड पन्नास माणसांना माझी गोष्ट खडानखडा सांगतोय! कादंबरी म्हणून नव्हे हं, इतिहास म्हणून. एक बाई आपल्या लेकीला म्हणाली, बघ, अशी पोर निपजली की गाव बुडतं. मला ओशाळायला झालं, पण खरं सांगते, आतून थोडं सुखावलेही.

उत्खननाचे प्रमुख भले गृहस्थ, उन्हाची भलीमोठी टोपी घालून हिंडतात. त्यांनी मला बाजूला नेऊन जळक्या लाकडाचा एक लांबलचक ओंडका दाखवला. तो त्या वेशीचा अडसर. दोन्ही टोकं भिंतीतल्या दगडी खोबणीत बसलेली सापडली. म्हणजे वेस जळाली तेव्हा बंद होती. ती कुणीच उघडली नव्हती, शत्रू भलतीकडूनच आत आला. शिवाय त्यांनी लोकांना दाखवायला तसाच नवा अडसर करून ठेवलाय, तो मी उचलायला गेले. हलेना. दोघांनी हात लावला, तरी हलेना. टोपीवाले हसत म्हणाले, बाई, याला चार गडी लागतात, तुमची पोर काय उचलणार! आजूबाजूचे सगळे हसले. मी मात्र वही मिटली आणि तशीच निघाले.

का, ते तुला सांगायलाच हवं. एवढं सगळं करून बघणारी मी, ती एक गोष्ट मी करून बघितली नव्हती. कारण माझ्याकडे पुरावा होता. तो पुरावा म्हणजे तू. मला वाटलं, आपली चिंगी सात वर्षांची असताना हौदाचं लोखंडी झाकण उघडू शकली, तर चौदा वर्षांची मुलगी अडसर का काढू शकणार नाही? तू एकदा रडत रडत मला सांगितलं होतंस ना, की झाकणाची कडी बोटांना थंडगार लागल्याचं अजून आठवतं? तो थंडपणासुद्धा मी उचलून त्या पोरीच्या हातांत घातला. आपला धाकटा भाऊ सोन्या त्या हौदात बुडून गेल्याला सेहेचाळीस वर्षं झाली. आपल्या घरात ते नाव कुणी काढत नाही, आणि मी मात्र त्यातून तीनशे पानं काढली. लाज वाटते गं.

परतीच्या वाटेवर मी सरळ आपल्या जुन्या घरी उतरले. तिथे आता दातांचा दवाखाना आहे. मागचं अंगण तसंच आहे, हौद तोच, झाकणही तेच, दोन कड्यांचं. डॉक्टरीणबाईंना वाटलं असेल की ही बाई दाढदुखीने वेडी झाली. मी कडीत ताणकाटा अडकवून ओढला. काटा पन्नास किलोवर जाऊन टेकला, झाकण जागचं हललं नाही. मग त्यांच्याकडच्या दोघा माणसांनी पहार घालून ते एका बाजूने उचललं. धापा टाकत होते दोघंही. मी तिथेच फरशीवर बसले. सात वर्षांची तू, वीस किलोसुद्धा नव्हतीस.

आता माझं ऐक. त्या दिवशी आईने तुम्हा दोघांना माझ्या हवाली केलं होतं, तुझ्या नव्हे. मी बारा वर्षांची घोडी. जुन्या राजांच्या गोष्टींचं पुस्तक घेऊन माळ्यावर जाऊन बसले होते, मला काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. खाली आरडाओरडा झाला आणि सगळ्यांनी मला विचारलं, तेव्हा मी म्हणाले की चिंगीला मी झाकण ओढताना बघितलं. मी काहीही बघितलं नव्हतं. घाबरून बोलले, आणि मोठ्यांनी एका शब्दाने उलटतपासणी केली नाही. मग तुला इतक्यांदा ते सांगण्यात आलं की ती कडी तुला आठवायला लागली. आणि तू कबूल केलंस तेव्हा मी काय केलं असेल? मनातल्या मनात म्हणाले, हुश्श, म्हणजे मी खोटं बोलले नव्हतेच! आई तुझ्याशी धड न बोलताच गेली. माझी लेक झाली तेव्हा मी तिला तुझ्याकडे दिली, तर तू दोन्ही हात पाठीमागे घेतलेस. तुला आवडलेल्या माणसालाही नाही म्हणालीस, मला मूल नको म्हणून. हे सगळं मी डोळ्यांनी बघत होते.

मग ते उघडलं कुणी? तेच विचारायला मी परवा बाबांकडे आले होते. मला वाटलं होतं, त्यांना आठवणार नाही. त्यांना सगळं आठवतंय, चिंगे. सकाळी पाणी किती आहे ते बघायला त्यांनी आणि पंपवाल्याने मिळून झाकण काढलं. पंपवाला वायसर आणायला गेला, शेजाऱ्यांकडे बाबांचा फोन आला म्हणून ते तिकडे गेले. झाकण तसंच राहिलं. बाबा परत आले तोवर मी तुझं नाव घेऊन मोकळी झाले होते, आणि ते गप्प बसले. पंपवाल्यालाही गप्प बसवलं. हे सांगताना त्यांचा आवाजसुद्धा चढला नाही की उतरला नाही. मग माझा हात धरून म्हणाले, तिला आता सांगू नकोस, तिला सवय झाली आहे, आणि ती निघून गेली तर माझं कोण करणार? मी हात सोडवून घेतला. तुझी नोकरी सांभाळून तू अकरा वर्षं त्यांना न्हाऊमाखू घालतेस, प्रायश्चित्त म्हणून, आणि ते ती सेवा घेत राहिले, सगळं माहीत असून! मला अजून खरं वाटत नाहीये. शनिवारी सकाळी गाडी घेऊन येते आणि त्यांना माझ्याकडे नेते. तुला त्यांच्याशी बोलायचं असेल तर बोल, भांडायचं असेल तर भांड, माझंही तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस, मला ते मान्य आहे. त्यांनी सांगू नकोस म्हटलं, म्हणूनच आज लिहितेय. तू ते झाकण उघडलं नव्हतंस. तू अंगणात खेळत होतीस, बस, एवढंच.

तुझीच, तुझ्यावर आळ घेणारी,
ताई